निरोगी गाय बघायची कशी

वराहमिहिराचं नाव उज्जैनमध्ये निघतं ते ग्रहताऱ्यांच्या आणि पंचांगाच्या निमित्ताने. सहाव्या शतकातला हा पंडित इथलाच, अवंतीचा. वडिलांचं नाव आदित्यदास, आणि कापित्थक या गावी आपल्याला सूर्याचा वर मिळाला, असं तो स्वतःच लिहून ठेवतो. ते कापित्थक म्हणजे तराणा तालुक्यातलं आजचं कायथा, असं बरेच अभ्यासक मानतात. पण याच वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गोलक्षणाचा एक स्वतंत्र अध्याय आहे, हे माझ्या पशुवैद्यकीच्या पेशातल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. मी स्वतः तो वाचला नोकरी संपल्यावर, सवड मिळाली तेव्हा.

पराशराने बृहद्रथाला जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो, असं म्हणून वराहमिहिर न पाळण्याजोग्या गाईंची यादी देतो. जिच्या डोळ्यांतून पाणी गळतं, जिचे डोळे गढूळ आणि कोरडे दिसतात, उंदरासारखे डोळे असलेली, हलत्या-चपट्या शिंगांची, गाढवाच्या रंगाची. सात, चार किंवा दहा दातांची. पाठ वाकलेली, खूर भेगाळलेले, जीभ काळपट आणि अती लांब, अंग वाळलेलं. उलट चांगल्या बैलाचे खूर आवळ असावेत, कातडी आणि केस तलम, तुकतुकीत असावेत.

पशुवैद्याच्या नजरेने वाचलं तर या यादीत दोन माणसं बोलताना ऐकू येतात. एक शकुन सांगणारा आणि दुसरा गोठ्यात उभा राहिलेला. दातांचं कलम शकुनवाल्याचं. गाईला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, पूर्ण वाढ झाल्यावर आठ, आणि वर नुसती कठीण हिरडी. पक्के दात जोडीजोडीने येतात, त्यामुळे चार दातांची म्हणजे तीनेक वर्षांची तरणी कालवड. ती अशुभ कशी व्हावी? पण गळणारा डोळा, फुटलेला खूर, वाकलेली पाठ आणि तुकतुकी हे गोठ्यातल्या माणसाचं. आजही एखाद्या विद्यार्थ्याने तपासणीत एवढं टिपलं तर मी त्याला पास करीन.

खटकतं ते निराळंच. ही गाय अशुभ, पण कोणाला? मालकाला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळतं त्यात तिला काय होत असेल, हा प्रश्न त्या अध्यायात नाही. दीड हजार वर्षांत यात फार फरक पडला आहे असं मला वाटत नाही. आपण गाईकडे बघतो ते आपल्यासाठी. कोणी दुधासाठी, कोणी पुण्यासाठी, कोणी विक्रीची किंमत ठरवण्यासाठी. तिला स्वतःला आज कसं वाटतंय हे बघण्याची नजर मुद्दाम कमवावी लागते, आणि गंमत अशी की ती कमावली की दूधही राहतं आणि पैसाही.

मी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो. हे महाविद्यालय १९५५ सालचं, आणि त्याच्या आवारात उज्जैन, धार, निमाड अशा सगळ्या भागांतली मुलं. घर मात्र उज्जैनचं, शिंदेशाहीत इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण कारकून, भिक्षुक आणि वैद्य असे अनेक जण मागेच राहिले. आमच्या घरात वसुबारस व्हायची, आणि वर्षातून त्या एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं कोणाच्या तरी गोठ्यात जायची. पुढे नोकरीत बडनगर, खाचरोद, महिदपूर, घट्टिया असा जिल्हाभर फिरलो, तेव्हा वर्षाचे बाराही महिने गोठा.

पुस्तकात रोगांना शेकडो पानं असतात आणि आरोग्याला एक तक्ता. गाईचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. नाडी मिनिटाला ५० ते ८०, ती शेपटीच्या खालच्या बाजूला, मुळापासून वीतभर अंतरावर बोटांनी लागते. सावलीत विसावलेल्या गाईचा श्वास मिनिटाला वीस-तीस. कोठीपोटाची हालचाल दोन मिनिटांत साधारण तीन वेळा. तक्ता खोटा नाही, पण त्यात गाय मावत नाही. पौषात पहाटे १०१च्या खाली असणारी गाय ज्येष्ठात दुपारी १०२.८ दाखवते आणि दोन्ही वेळी ती ठणठणीत असते. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर जातो तेव्हा श्वास दुपटीवर जाणं ही तिची धडपड असते, रोग नव्हे. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली तर मात्र थांबायचं नाही. सावली, पाणी, अंगावर पाण्याचा मारा.

म्हणून मी गोठ्यात शिरण्याआधी दाराशी थांबायला शिकलो. हे मला कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नाही. बडनगरकडच्या एका गावात एक म्हातारे गवळी होते, सगळे त्यांना दा साब म्हणायचे. ते धार काढायला आत जाण्याआधी उंबऱ्याशी बिडी संपेपर्यंत उभे राहत. एकदा मला बोलावणं आलं, कारण विचारलं तर म्हणाले, “साब, आज गाय म्हारे सामे नी देखे.” आज गाय माझ्याकडे बघत नाही, एवढंच. दूध तेवढंच होतं, चाराही खाल्ला होता. थर्मामीटर लावला तर १०४. कान-कातडी बघितली तर गोचिडांचा सुळसुळाट. गोचीडतापाची ती सुरुवात होती आणि गाय दोनेक आठवड्यांत सावरली. आणखी दोन दिवसांनी, दूध आटल्यावर बोलावलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती.

त्या माणसाने ताप ओळखला नव्हता. त्याने फक्त रोजच्यापेक्षा वेगळं काहीतरी ओळखलं होतं. त्यासाठी रोजचं काय ते ठाऊक असावं लागतं, आणि ते वैद्याला कधीच ठाऊक नसतं. आम्ही पोचतो तेव्हा गोठ्यात अनोळखी माणूस आलेला असतो, पिशवीतून औषधांचा वास येत असतो, दोघांनी गाईला धरलेलं असतं. गाय मुळात शिकार होणारा प्राणी आहे. कळपात जी दुबळी दिसते तिच्यावर आधी झडप पडते, म्हणून दुखणं लपवणं हे तिच्या रक्तातच आहे. आजार उघड दिसायला लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. निरोगी गाय निरोगी असताना बघितलेला माणूस एकच, तिला रोज चारा घालणारा.

दारातून काय बघायचं? कान. निरोगी गाईचे कान सतत फिरत असतात, एक पुढे, एक मागे, आवाजाच्या दिशेने. दोन्ही कान खाली लोंबलेले आणि स्तब्ध असले तर मी तिथेच सावध होतो. आंबोण घेऊन माणूस आला की कोण उठतं आणि कोण उठत नाही, उठताना आळोखेपिळोखे देते का. पोटभर झोपलेली गाय उठल्यावर अंग ताणते, पाठ क्षणभर कमानीसारखी करते आणि सरळ करते. ताणलेलं अंग हे मला नेहमीच फार चांगलं लक्षण वाटत आलं आहे; दुखणाईत गाय अशी चैन करत नाही. चारी पायांवर सारखा भार आहे का. चालताना पाठ सपाट राहते का. उभी असताना सपाट आणि चालायला लागल्यावर वाकत असेल तर कुठला तरी खूर दुखतोय. वराहमिहिराच्या यादीतली वाकलेली पाठ आणि फुटलेला खूर बऱ्याचदा एकाच गाईत सापडतात, आणि काळ्या मातीच्या चिखलात उभ्या राहिलेल्या माळव्यातल्या गाईंत श्रावण-भाद्रपदात तर हमखास.

मग जवळ जायचं. नाकाचा पुढचा बिनकेसांचा भाग ओला हवा, त्यावर दवासारखे थेंब दिसतात, आणि गाय ते जिभेने पुसून नाकपुड्या स्वच्छ ठेवते. सुकं नाक म्हणजे ताप, असं सगळेच म्हणतात. बहुतेक वेळा खरंही असतं, पण गाढ झोपेतून उठलेल्या गाईचं नाकही कोरडं असतं. एका लक्षणावर निवाडा करू नये. डोळा भरलेला, चमकदार हवा. आत खचलेला डोळा म्हणजे अंगातलं पाणी गेलं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर गेली पाहिजे. ती तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. दुभत्या गाईला एक लिटर दुधामागे चारेक लिटर पाणी लागतं, आणि पाण्याच्या हौदात शेवाळ साचू देणाऱ्या गोठ्यात मी दुधाची तक्रार ऐकून घ्यायला तयार नसे.

पण माझं सगळ्यात आवडतं लक्षण रवंथ. यात घाई करू नये असं माझं मत आहे, कारण बघण्यासारखंही तेच आहे. चारा खाऊन झाला की गाय बसते, बसण्यात एक प्रकारचा निवांतपणा येतो, डोळे अर्धे मिटतात. मानेच्या डाव्या बाजूने एक गोळा वर सरकताना स्पष्ट दिसतो. मग जबडा आडवा फिरायला लागतो, एकसारखा, पन्नास-साठ वेळा. गोळा परत खाली जातो. तीन-चार सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा नवा गोळा. असं दिवसाकाठी सात-आठ तास. या सगळ्या चावण्यात तिच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार होते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. कोठीपोटात चारा आंबताना जे आम्ल सुटतं ते हीच लाळ शमवते. म्हणजे चारा चांगला मोठा, धाग्याचा असेल तर चावणं जास्त, लाळ जास्त, पोट शांत. बसलेल्या दहा गाईंपैकी निम्म्याहून अधिक कुठल्याही क्षणी रवंथ करत असतील, तर तो गोठा बरा चालला आहे असं समजायला हरकत नाही. एक घास तीस-पस्तीस वेळाच चावला जात असेल तर खुराक जास्त आणि वैरण कमी होते आहे. ताप, वेदना, भीती, पोटातलं आम्ल, यांपैकी काहीही आलं की रवंथ आधी थांबतो, दूध नंतर आटतं. आणि मी वर म्हटलं ते इथेही लागू: अनोळखी माणूस जवळ आला की तंदुरुस्त गायही रवंथ थांबवते. डॉक्टरला बघायला मिळत नाही ते मालकाला फुकट बघायला मिळतं.

डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या फासळीमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरली की कोठीपोटाची लाट हाताला जाणवते, हात हलकेच बाहेर ढकलला जातो. भरलेल्या पोटाची भकाळी किंचित भरलेली असते. ती खोल खळग्यासारखी दिसली तर गाय कालपासून नीट जेवलेली नाही. डमरूसारखी फुगून ताणलेली असेल तर पोटफुगी, आणि तेव्हा मात्र दारात बिडी ओढत उभं राहू नये.

शेणाबद्दल लिहिताना संपादक नाक मुरडतात, पण त्यावाचून हा लेख अपुरा राहील. चांगलं शेण पडताना थप्प असा आवाज येतो, गोल थर बसतो, दोन-तीन बोटं उंच, आणि मधोमध खळगा पडतो. पातळ चपटं पसरलं, त्यात न पचलेले दाणे किंवा लांब धागे दिसले, तर पचन बिघडलं. घट्ट गोळ्या पडल्या तर पाणी कमी किंवा ताप. माळव्यात हे सर्वांत आधी कळतं ते कंडे, म्हणजे गोवऱ्या, थापणाऱ्या बाईला. आमच्याकडे दाल-बाफल्यांचे बाफले कंड्यांवर भाजतात, त्यामुळे घराघरात बाई रोज सकाळी शेणात हात घालते. ‘आज थापलं जात नाही, हातातून निसटतंय’ असं ती म्हणाली तर ते प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच मोलाचं समजावं. दुर्दैवाने डॉक्टर आला की बोलायला घरातला कर्ता पुरुष पुढे होतो, आणि त्याने त्या शेणाला महिनाभरात हात लावलेला नसतो. मी नेहमी विचारत असे, कंडे कोण थापतं, त्यांना बोलवा.

अंगावर मांस किती असावं, हा वादाचा विषय. माळवी ही आपल्या खिलारासारखीच मूळची कामाची जात. पांढरी, करडी, बांधा आटोपशीर, आणि एका वेतात दूध नऊशे-हजार लिटरच्या आसपास. ती भरलेली दिसते. शेजारच्याच दावणीला बांधलेली होल्स्टीन संकरित गाय तिच्या कितीतरी पट दूध देते आणि तिच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या, माकडहाड, कमरेची हाडं दिसतात. ती आजारी नाही. व्यायल्यावर पहिले दोन महिने ती जेवढं खाते त्याहून जास्त दुधात ओतते आणि अंगावरची चरबी वितळवत राहते. उलट व्यायच्या वेळी लठ्ठ असलेल्या गाईकडे बघून मालक खूश होतो आणि मला धास्ती वाटते. ती व्यायल्यानंतर चाऱ्यावरून तोंड फिरवते, यकृतात चरबी साचते, आणि तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागतो. पुष्ट म्हणजे निरोगी, ही समजूत आपण बाळांच्या बाबतीत सोडली, गाईंच्या बाबतीत अजून सोडलेली नाही.

शिवाय गाईंच्या ताटात जे पडतं तेच बदललं आहे. माझ्या लहानपणी माळव्यात ज्वारी होती, कडबा होता. गेल्या चार-पाच दशकांत सोयाबीनने ती शेतं घेतली. सोयाबीनचं भुसकट चरबरीत, त्यातलं बरंच गाय बाजूला सारते. गव्हाचा भुसा मिळतो, पण तो इतका बारीक की चावायला त्यात फारसं काही नाही. वैरणीची भरपाई मग खुराकाने होते, म्हणजे सरकी पेंड, चुनी, भरडा. दूध संस्थेत दुधाचा भाव फॅटवर आणि एसएनएफवर लागतो, आणि फॅट उतरलं की भांडण मोजणाऱ्या माणसाशी होतं. पण गाय तीच, दूध तेवढंच आणि फॅट एकाएकी उतरलं, तर यंत्राआधी गव्हाणीत बघावं. धाग्याचा चारा कमी पडला की फॅट उतरतं. दुधाची ती पावती खरं तर गाईच्या पोटाची पावती असते.

आता उज्जैनबद्दल थोडं, कारण इथे गाईला उपाशी ठेवणाऱ्यांपेक्षा खाऊ घालणाऱ्यांची मला जास्त चिंता वाटत आली. पितृपक्षात सिद्धवटावर, गयाकोठ्यावर, रामघाटावर श्राद्धाला येणाऱ्यांची रीघ लागते. प्रत्येक जण गोग्रास काढतो. एका माणसाची एक पोळी, पण गाय एकच आणि माणसं शंभर. पुरी, खीर, भात, लाडू. गाईचं कोठीपोट गवत आंबवण्यासाठी बनलेलं आहे. त्यात एकदम एवढं पीठ आणि साखर गेली की वेगळेच जंतू माजतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, पोटातला सामू सहा-साडेसहावरून पाच-साडेपाचच्या खाली जातो. गाय सुस्त होते, पोट पाण्याच्या पखालीसारखं डुचमळतं, शेण आंबट वासाचं आणि पातळ होतं, रवंथ बंद. काही गाई दोन दिवसांत मरतात. ज्या वाचतात त्या महिन्याभराने लंगडू लागतात, कारण आम्लाचा मार खुरांपर्यंत पोचतो. सर्वपित्री अमावस्येनंतरचे दोन दिवस हे माझ्या धावपळीचे दिवस असायचे. खाऊ घालणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी गाईला हात लावून तो कपाळाला लावलेला असतो. तिची भकाळी फुगली आहे, हे त्यांच्यापैकी कोणी बघितलेलं नसतं. श्रद्धेला माझा विरोध नाही, आमच्या घरातही गोग्रास निघतो. पण तो हिरव्या चाऱ्याची पेंढी म्हणून निघाला तर पितर रागावतील असं मला वाटत नाही.

बडनगर तालुक्यातलं भिडावद दिवाळीनंतरच्या गोवर्धनपूजेच्या दिवशी दरवर्षी बातम्यांत येतं. नवस बोललेली माणसं जमिनीवर पालथी पडतात आणि सजवलेल्या गाई त्यांच्या अंगावरून धावत जातात. त्यावर लोकांची मतं टोकाची असतात. माझी नजर तिथे जाते ती सजावटीकडे, कारण त्या सकाळी गाईंना धुतात, अंगावर रंगाचे ठसे उमटवतात, आणि तेवढ्या वेळात मालकाचा हात गाईच्या सगळ्या अंगावरून फिरतो. आंचळांमागे, शेपटीखाली, गळ्याखालच्या पोळीच्या घड्यांत. गोचीड, फोड, जखम, सुजलेली गाठ, सगळं त्या हाताला लागतं. महाराष्ट्रात बैलांच्या वाट्याला पोळ्याला हेच येतं. वर्षातून एकदा होतं ते महिन्यातून दोनदा झालं, तर माझ्या पेशातल्या अनेकांचं काम हलकं होईल.

हे सगळं मान्य करूनही नजरेवर किती विसंबायचं, याला मर्यादा आहे, आणि ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. दगडी, म्हणजे कासेचा दाह, होण्याआधीची अवस्था असते; कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, गाय टवटवीत, आणि आत जंतूंनी मुक्काम ठोकलेला. अशा वेळी डोळा काही सांगत नाही. चार कप्प्यांच्या ताटलीत चार सडांचं थोडं थोडं दूध घेऊन त्यात द्रावण मिसळायचं. दूध घट्ट, चिकट झालं तर त्या सडात बिघाड आहे. कॅलिफोर्नियात १९५७मध्ये निघालेली ही चाचणी आजही गोठ्यात मिनिटभरात होते. निदान प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत काढून गुठळी दिसते का, एवढं तरी रोज बघावं. ब्रुसेलोसिसची गाय तर एखाद्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेईल अशी दिसू शकते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. तो रोग माणसालाही होतो. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस देतात, आणि लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा. या दोन्हींसाठी २०१९पासून केंद्राचा कार्यक्रम आहे. ‘माझी गाय एकदम ठीक आहे, लस कशाला’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. लस ठीक असलेल्या गाईलाच द्यायची असते.

२०२२च्या पावसाळ्यात लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा राजस्थान, गुजरातपाठोपाठ रतलाम, उज्जैनकडच्या गाईही त्याच्या तावडीत सापडल्या. जनावरांचे बाजार बंद झाले. लोक गाठी शोधत होते, कारण टीव्हीवर गाठी दिसत होत्या. पण गाठींच्या आधी ताप येतो, डोळ्या-नाकातून पाणी येतं, खांद्यापुढची लसिकाग्रंथी सुजते, दूध एकदम उतरतं. थर्मामीटर जवळ ठेवणाऱ्या गोठ्यांना एक-दोन दिवस आधी कळलं आणि त्यांनी ती गाय वेगळी बांधली, माश्या-डासांचा बंदोबस्त केला. साध्या थर्मामीटरची किंमत एका लिटर दुधाच्या किमतीच्या चार-पाच पट, यापेक्षा जास्त नाही. तरी तो माणसांच्या औषधांच्या डब्यात सापडतो आणि गोठ्यात सापडत नाही.

आता मोठ्या गोठ्यांत गाईंच्या गळ्यात पट्टे आले आहेत. त्यातला सूक्ष्म यंत्रभाग रवंथाची मिनिटं आणि हालचाल मोजतो, आणि मालकाच्या फोनवर कळवतो की अमुक नंबरची गाय आज दोन तास कमी चावली. जुने लोक याला हसतात. मला हसू येत नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गोअध्यक्षाच्या प्रकरणात बुजऱ्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधायला सांगितली आहे, साप-श्वापदं पळावीत आणि कळप कुठे चरतोय ते कळावं म्हणून. त्याच प्रकरणात पावसाळा, शरद आणि हेमंतात दोन वेळा दोहावं आणि शिशिर, वसंत, ग्रीष्मात एकदाच, असंही आहे. चारा कमी असलेल्या दिवसांत गाईला पिळू नका, हा त्याचा सरळ अर्थ. गळ्यात काही बांधून गाईची खबर ठेवणं जुनंच आहे. फरक एवढाच की दोनशे गाईंच्या मालकाला पट्टा लागतो आणि चार गाईंच्या मालकाला तो लागू नये. चार गाई असूनही ज्याला त्यातली कोणती आधी उठते हे सांगता येत नाही, त्याला पट्टा घेऊनही उपयोग नाही.

गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा: प्रत्येक गाईचं नाव, ती बरी असताना पहाटेचं तापमान किती, बसल्यावर एक घास किती वेळा चावते, व्यायली कधी, लस कधी. मध्य प्रदेशात असाल तर पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ लावा, महाराष्ट्रातही हाच नंबर. पण फोन केल्यावर ‘गाय बीमार है’ एवढंच सांगून ठेवू नका. ताप किती, शेवटचा रवंथ कधी बघितला, शेण कसं पडलं, कान गरम आहेत की गार, एवढं सांगा. व्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत कान गार, मान वळवून पोटाशी टेकवलेली आणि गाय उठत नाही असं असेल, तर ते सर्वांत आधी सांगा. तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, आणि डॉक्टर निघतानाच कॅल्शियमची बाटली पिशवीत टाकून निघेल.